काट्यावरची नजर

गतवर्षी मी नववीत असताना मराठीच्या बाईंनी आमच्या वर्गात एक वादविवाद ठेविला होता. विषय असा होता: 'विमान चालवीत असताना वैमानिकाने आपला खासगी मोबाइल अथवा तत्सम साधन वापरावे काय?' चिठ्ठ्या टाकून पक्ष वाटण्यात आले आणि 'वापरावयास हरकत नाही' हा पक्ष माझ्या वाट्यास आला. वैमानिक होण्याची हौस मी लहानपणापासून मनात बाळगून आहे. साहजिकच मी आठ दिवस खपून तयारी केली, आवेशाने बोललो, टाळ्या मिळविल्या आणि पहिले बक्षीसही पटकाविले. ते प्रशस्तिपत्र वडिलांनी आमच्या घोडपदेवच्या खोलीत मोठ्या कौतुकाने भिंतीवर लाविले आहे. आज हा लेख लिहावयास बसलो आहे तो त्याच भाषणाचे खंडन करण्यासाठी. जिंकलेला पक्ष आपणहून सोडणारा वक्ता वाचकांस विचित्र वाटेल. परंतु मध्यंतरी अशी एक रात्र येऊन गेली की, त्या प्रशस्तिपत्राकडे आता मजला सरळ नजरेने पाहवत नाही.

प्रथम माझे त्या वेळचे मुद्दे सांगतो, म्हणजे त्यांच्यावर अन्याय व्हावयाचा नाही. मी म्हणालो होतो की, आजचे विमान एकदा उंचावर गेले म्हणजे तासन् तास ऑटोपायलट या स्वयंचलित यंत्रणेवर चालते. मग वैमानिकाने घटकाभर मोबाइल पाहिला म्हणून बिघडले कोठे? दुसरा मुद्दा असा की, वैमानिकांच्या हाती टॅब्लेट आता अधिकृतपणेच आलेला आहे. पूर्वी नकाशे व माहितीपुस्तके यांनी भरलेली सुमारे १६ किलो वजनाची पिशवी घेऊन वैमानिकास विमानात चढावे लागे. अनेक कंपन्यांत त्या पिशवीची जागा एका पातळ टॅब्लेटने घेतली आहे. जे साधन कामास चालते ते करमणुकीस का चालू नये? तिसरा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. रात्रीच्या लांबच्या प्रवासात बाहेर काळोख आणि आत तीच ती यंत्रांची तबके. अशा वेळी कंटाळा येतो, कंटाळ्यामागून झोप येते, आणि झोपेपेक्षा थोडी करमणूक केव्हाही बरी! शेवटी मी विचारले होते की, ज्याच्या हाती शेकडो जीव निःशंकपणे सोपवितो, त्याच्यावर एका मोबाइलपुरता विश्वास आपणांस टाकता येऊ नये काय? या वाक्यास सर्वांत अधिक टाळ्या पडल्या होत्या.

आता त्या रात्रीची हकीकत. ती लिहिण्यापूर्वी मी आजोबांची परवानगी घेतली आहे.

माझे आजोबा गिरणी कामगार. ऐन तारुण्यातील चौदा वर्षे त्यांनी एका गिरणीच्या साचेखात्यात काढिली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात तेही होते. त्यानंतर हजारो कामगारांप्रमाणे त्यांनाही गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पुढे बंदराकडील एका गोदामावर रखवालदारी करून त्यांनी संसार ओढिला. गिरणीने त्यांना दोन गोष्टी कायमच्या दिल्या. एक म्हणजे उंच आवाजात बोलण्याची सवय, कारण साच्यांच्या खडखडाटात हळू बोललेले ऐकू जात नसे. आणि दुसरी छातीतील कापूस, असे ते हसून म्हणतात. त्या कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत गेली आणि दोन वर्षांपासून त्यांना रात्री ऑक्सिजन लावावा लागतो.

पलंगाशेजारी लोखंडी सिलिंडर उभा असतो. त्याच्या माथ्यावर एक तबकडी व तीत एक काटा. प्राणवायू जसजसा संपत जातो तसतसा तो काटा खाली उतरतो. वायू पाण्याच्या एका लहान बाटलीतून जातो, त्यामुळे अखंड बुडबुड असा मंद आवाज होत असतो. काटा तांबड्या पट्ट्याशी आला म्हणजे पाना घेऊन वरचे यंत्र दुसऱ्या भरलेल्या सिलिंडरास जोडावयाचे. हे काम मजला चांगले येते. वडिलांनी ते चार वेळा करवून घेतले होते.

गेल्या पौषातील ती रात्र. वडिलांची रात्रपाळी होती आणि आई परळला मावशीच्या आजारपणात गेली होती. जाताना ती म्हणाली, "अकराच्या सुमारास काटा खाली येईल. तेवढं बघ हं." मी होकार दिला. आजोबांचा डोळा लागला होता, काटा पुष्कळ वर होता, बाटलीत बुडबुडे येत होते. सर्व काही आपोआप नीट चालले होते. मी कानांत इअरफोन घातले आणि मोबाइल उघडला. काय पाहत होतो ते सांगावयास लाज वाटते, तरी सांगतो. एक वैमानिक धुक्यात विमान कसे उतरवितो याची चित्रफीत मी पाहत होतो! ती संपल्यावर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. मधून मधून मी मान वर करून काट्याकडे पाहतही होतो. निदान पाहिले असे मजला वाटत होते. परंतु शेवटच्या वेळी काटा कोठे होता, असे कोणी विचारले असते तर मजला सांगता आले नसते.

एकाएकी दार धाडकन उघडले आणि शेजारच्या काकू आत धावत आल्या. आजोबा उठून बसले होते. तोंड उघडे, ओठ काळसर झालेले, आणि हातातील काठी ते पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटीत होते. ती खणखण भिंतीपलीकडे काकूंना ऐकू गेली. चार हातांवर बसलेल्या मला ती ऐकू आली नाही. बाटलीतील बुडबुडे थांबले होते, तेही मला ऐकू आले नव्हते. काटा शून्यावर होता.

पुढचे मजला तुटक तुटक आठवते. पाना हातातून दोनदा निसटला. काकू आजोबांची पाठ चोळीत म्हणत होत्या, "घाई नको करू, नीट बसव." शेवटी यंत्र बसले, चावी फिरली आणि बाटलीत पुन्हा बुडबुडे सुरू झाले. किती वेळ गेला असेल? काकू म्हणतात, तीन-चार मिनिटे. माझ्या हिशेबी ती मिनिटे अद्याप संपलेली नाहीत.

आजोबांनी त्या रात्री मजला एका शब्दानेही बोल लाविला नाही, व आईवडिलांनाही काही सांगितले नाही. काकूही गप्प राहिल्या. हे मौन मारापेक्षा जड होते. आठवड्याने मीच त्यांच्या पायाशी बसून रडलो आणि म्हणालो, "आजोबा, सगळं आपोआप नीट चाललं होतं, म्हणून मी..." त्यांनी मजला तेथेच थांबविले. ते म्हणाले, "बाळा, साचासुद्धा आपला आपणच चालतो. म्हणून तर त्याच्यापाशी माणूस उभा करतात. आपोआप चालला नसता, तर माणूस हातानं विणीत बसला असता. मग त्याला नजर ठेव म्हणून कुणी सांगावं लागलं नसतं."

मग त्यांनी समजावून सांगितले. साचा चालू असतो, धोटा इकडून तिकडे धावत असतो, कापड पुढे सरकत असते. कामगाराने हाताने करावयाचे असे त्या वेळी फारसे काही नसते. परंतु ताण्याचा एक धागा तुटतो आणि साचा थांबत नाही. तो चुकीचे कापडही तितक्याच इमानाने विणीत राहतो! धागा तुटल्याचे ज्याच्या तत्काळ ध्यानी येते तो कामगार. ज्याच्या ध्यानी येत नाही त्याच्या कापडाचा वारच्या वार वाया जातो. "यंत्राला चूक कळत नाही," आजोबा म्हणाले, "ती कळायचा पगार आपल्याला मिळत होता."

हे ऐकले मात्र, आणि माझ्या भाषणाचा पहिला मुद्दा माझ्या डोळ्यांदेखत कोसळला. विमान आपोआप चालते म्हणून वैमानिकास दुसरीकडे पाहण्यास मोकळीक आहे, असे मी म्हणालो होतो. वस्तुतः गोष्ट नेमकी उलट आहे. विमान आपोआप चालते, म्हणूनच वैमानिकास तेथे पाहावयासाठी बसविलेले असते.

त्यानंतर मी हा विषय पुन्हा प्रथमपासून वाचू लागलो. या वेळी बक्षिसासाठी नव्हे. ८ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्याच मुंबईहून जेट एअरवेजचे एक विमान बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरी निघाले होते. ही कंपनी २०१९ साली बंद पडली. विमान तुर्कस्तानावरून जात असता मुख्य वैमानिक नियमानुसार मिळणारी अल्प विश्रांती घेत होते आणि पहारा सहवैमानिकाकडे होता. विमान ठरलेली उंची सोडून सुमारे ५,००० फूट खाली आले. अंकारा येथील हवाई नियंत्रकांनी विचारणा केली तेव्हा हा प्रकार ध्यानात आला. सहवैमानिक त्या वेळी टॅब्लेटमध्ये गुंतलेले होते, असे चौकशीच्या बातम्यांत प्रसिद्ध झाले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. यातील ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, तो टॅब्लेट कामाचाच होता, खेळाचा नव्हता. आणि धोक्याची खूण जवळच्या माणसास न कळता दूरच्या माणसास कळली. ही बातमी वाचताना मजला काकूंची आठवण झाली हे सांगावयास नकोच.

दुसरी घटना अमेरिकेतील. २१ ऑक्टोबर २००९ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एक विमान १४४ प्रवाशांना घेऊन सॅन डिएगोहून मिनियापोलिसला चालले होते. कंपनीने कामाच्या वेळापत्रकाची नवी पद्धत सुरू केली होती. ती समजून घेण्यासाठी दोन्ही वैमानिकांनी आपापले लॅपटॉप उघडले आणि चर्चेत ते इतके रंगले की, तासाभराहून अधिक काळ जमिनीवरील नियंत्रकांशी त्यांचा काहीच संवाद राहिला नाही. विमान नियोजित शहर ओलांडून शंभराहून अधिक मैल पुढे निघून गेले. आपण केव्हा उतरणार, अशी चौकशी विमानातील सेविकेने केली, तेव्हा त्यांची समाधी भंगली. विमान मागे फिरवून सुखरूप उतरविण्यात आले. परंतु दोघांचेही परवाने रद्द झाले. हे दोघेही अनुभवी वैमानिक होते. ते झोपले नव्हते, दारू प्यालेले नव्हते, त्यांचे विमानही बिघडलेले नव्हते. केवळ त्यांचे लक्ष तेथे नव्हते.

येथे प्रतिपक्षी म्हणेल की, लक्ष विचलित होण्यास मोबाइलच लागतो असे थोडेच आहे? हे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. २९ डिसेंबर १९७२ रोजी, म्हणजे असली साधने निघण्याच्या कितीतरी अगोदर, मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचे एक विमान दलदलीत कोसळले आणि १०१ माणसे प्राणास मुकली. पुढचे चाक खाली आल्याची खूण देणारा एक लहानसा दिवा लागत नव्हता. वैमानिककक्षातील सर्वांचे लक्ष त्या दिव्याकडे लागले आणि विमान हळूहळू खाली उतरत आहे हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. उंची कमी झाल्याची सूचना देणारा नाद झाला होता. तोही कोणी ऐकला नाही. पुढे १९८१ साली अमेरिकेत असा नियम झाला की, विमान १०,००० फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी कामाखेरीज दुसरे काही करावयाचे नाही, अवांतर गप्पादेखील मारावयाच्या नाहीत. परंतु उंचावरील निवांत प्रवासास हा नियम लागू नव्हता, आणि २००९ मधील ते विमान नेमके अशाच निवांत उंचीवर होते. अखेर २०१४ साली तेथे दुसरा नियम करण्यात आला. त्याअन्वये वैमानिकाने कामावर आपल्या जागी असताना मोबाइल अथवा लॅपटॉप खासगी कारणासाठी वापरावयाचा नाही. मग विमान कितीही उंचीवर असो.

तेव्हा लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, हे मोबाइलला मोकळीक देण्याचे कारण होऊ शकत नाही. दिव्याचा लट्टू वैमानिकास हाका मारीत नाही. मोबाइल मारतो. एक चित्रफीत संपताच दुसरी पुढे करणे हा त्याचा धर्मच आहे, आणि त्या रात्री मी त्याचा अनुभव घेतला आहे. 'एकच पाहीन' असे मीही म्हटले होते.

राहता राहिला कंटाळ्याचा मुद्दा. तो मजला आजही खोटा वाटत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे आपल्या जुहूच्या मैदानावर विमान आणिले. एका इंजिनाचे ते लहानसे पस मॉथ विमान. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. वारा, दिशा, खालची जमीन, इंजिनाचा आवाज, सर्वांचा हिशेब एकट्याने ठेवावयाचा. त्यांना कंटाळा यावयास फुरसतच कोठे होती? आजच्या वैमानिकाचे काम निराळे झाले आहे. त्याचे हात मोकळे आणि नजर बांधलेली. असे नुसते पाहत राहणे सोपे वाटते, परंतु ते फार कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन् तास पाहणाऱ्या माणसांकडून खुणा का निसटतात, हा प्रश्न पुढे आला, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने घड्याळासारख्या एका तबकडीवर प्रयोग केले. काटा टप्प्याटप्प्याने सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई; ती उडी ओळखावयाची, एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत असे दिसले की, पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे अधिक उड्या चुकवू लागतात. म्हणजे माणसाची नजर दमते, हा शास्त्राचाच निर्वाळा आहे.

परंतु दमलेल्या नजरेस उपाय कोणता? मी सुचविलेला उपाय असा होता की, ती दुसरीकडे वळवावी! पहारेकऱ्यास झोप येते म्हणून त्यास तमाशास पाठविण्यासारखेच हे झाले. डोळे उघडे राहतील खरे, पण पहारा राहील काय? योग्य उपाय दुसरे आहेत. दोघांपैकी एकाने रीतसर सांगून विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्याने तेवढा वेळ नजर मुळीच हलवू नये. कामाचा टॅब्लेट पाहावयाचा असेल तर 'मी आता नकाशा पाहतो, समोर तुम्ही पाहा' असे स्पष्ट शब्दांत सांगून पाहावा. दोघांनी एकाच वेळी त्यात डोके घालू नये. यंत्रांवरील आकडे ठरावीक अंतराने मोठ्याने वाचून परस्परांस सांगावे, म्हणजे जिभेबरोबर मनही जागे राहते. आणि वैमानिकांस पुरेशी झोप मिळेल अशा पाळ्या लावणे हे कंपन्यांचेही कर्तव्य आहे. दमलेल्या माणसास पहाऱ्यास बसवावयाचे आणि चूक झाली म्हणजे सारा दोष त्याच्याच माथी मारावयाचा, हा न्याय नव्हे. माझ्या दोन साधनांच्या तुलनेचेही उत्तर यातच आहे. टॅब्लेट तोच असो, त्यावर विमानाचा नकाशा उघडणारा वैमानिक प्रवाशांचे काम करीत असतो आणि चित्रपट उघडणारा स्वतःचे. पहिल्यास जपून परवानगी असावी. दुसऱ्यास मुळीच नसावी.

आणि विश्वासाचे काय? ज्या वाक्यास टाळ्या पडल्या होत्या तेच आता मजला सर्वांत अधिक टोचते. विमानात बसलेला प्रवासी वैमानिकास पाहू शकत नाही. मधले दार बंद असते. आजोबा झोपले होते. मी काट्याकडे पाहतो आहे की नाही, हे त्यांना पाहता येत नव्हते. ज्यास आपल्याकडे पाहता येत नाही, तोच आपल्यावर खरा विसंबलेला असतो. तेव्हा विश्वास हे नियम सैल करण्याचे कारण नव्हे. तो नियम इतका कडक असावा लागतो, याचे कारण तोच आहे. आईनेही मजवर विश्वासच टाकिला होता.

असो. आजोबांची प्रकृती आता बरी आहे. रात्री काटा पाहण्याचे काम मी मागून घेतले आहे. त्या वेळी माझा मोबाइल फळीवरील पत्र्याच्या डब्यात असतो, आणि दर पंधरा मिनिटांनी काटा कोठे आहे ते मी एका वहीत टिपून ठेवितो. कधी कधी आजोबा जागे असतात, मग ते मोठ्याने विचारतात, "काय वैमानिक, किती उंचीवर आहोत?" मी काट्याचा आकडा सांगतो. खिडकीतून बंदराच्या बाजूस आकाशात एखाद्या विमानाचे दिवे सरकताना दिसतात. त्या दिव्यांमागे बंद दाराआड कोणीतरी दोघे बसले असतील आणि त्यांच्या पाठीशी शेकडो माणसे निर्धास्त झोपली असतील, असे तेव्हा मनात येते. मोठेपणी त्या जागी बसण्याची माझी इच्छा अद्याप तशीच आहे. फक्त पूर्वी मजला विमान चालविता येणे महत्त्वाचे वाटे. आता ते आपोआप चालले असता जागे राहता येणे अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढावे, असे मी वडिलांस सांगणार होतो. परंतु त्यासाठी त्यांना कारण सांगावे लागले असते. ते कारण मी येथे लिहिले आहे. अंक घरी आला म्हणजे ते वाचतीलच.

— एक विद्यार्थी, इयत्ता दहावी